कॅमशाफ्ट सेन्सरचा कोड आला? सेन्सर मागवण्याआधी एवढं तपासा

स्कॅनर लावला, पी०३४० दिसला, नवा सेन्सर आणून बसवला, कोड पुसला आणि चार दिवसांत चेक इंजिनचा दिवा परत पेटला. नवशिक्यांची कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सरशी पहिली ओळख बहुधा अशीच होते. पी०३४० म्हणजे 'सेन्सर खराब' असा समज झालेला असतो. कोडचं खरं म्हणणं एवढंच असतं की या सेन्सरच्या सर्किटमध्ये काहीतरी बिघडलं आहे. त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, दोन-तीन वायरी आहेत, कनेक्टर आहे, ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, एक कोपरा आहे, आणि सेन्सर जिच्याकडे बघतो ती कॅमशाफ्टवरची दातेरी चकतीसुद्धा आहे. यातलं काहीही बिघडलं तरी कोड तोच येऊ शकतो. म्हणून सेन्सर सोडून बाकी सगळं ठीक आहे हे आधी पटवून घ्यायचं आणि मगच सेन्सरवर ठपका ठेवायचा.

लागणारं सामान फार नाही: लाइव्ह डेटा दाखवणारा ओबीडी स्कॅनर, डिजिटल मल्टिमीटर, बारीक टोकाच्या पिना, टॉर्च, साधे पाने आणि त्या इंजिनचा वायरिंग डायग्राम. डायग्राम सर्वात महत्त्वाचा, आणि नेमका तोच टाळला जातो. वायरीच्या रंगावरून अंदाज बांधू नका. एकाच मॉडेलच्या दोन इंजिनांतसुद्धा रंग वेगळे असू शकतात.

सेन्सर करतो तरी काय

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. एका नंबरचा पिस्टन या दोन फेऱ्यांत दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशन संपताना आणि एकदा एक्झॉस्ट संपताना. क्रँक सेन्सरला दोन्ही वेळा सारखंच दिसतं. यातली ठिणगी टाकायची वेळ कोणती, हे ईसीयूला कॅम सेन्सर सांगतो. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग असलेल्या इंजिनांत आणखी एक काम असतं. कॅम किती अंश पुढे-मागे सरकला, हेही ईसीयू याच सेन्सरवरून पाहतो.

हा निरोप आलाच नाही तर पुढे काय होणार, ते ईसीयूच्या प्रोग्रामवर अवलंबून असतं. काही इंजिनं क्रँक सेन्सरवर भागवतात आणि अंदाजाने चालू होतात, फक्त सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो. काही चालू असताना चालत राहतात, पण बंद केली की पुन्हा उठत नाहीत. काही अजिबातच चालू होत नाहीत. त्यामुळे 'माझी गाडी तर चालतेय, मग कॅम सेन्सर असूच शकत नाही' हा तर्क टिकत नाही.

बाकीची लक्षणं ओळखीची आहेत: पिकअप पडणं, आयडलिंगला थरथर, मधेच झटका, लिंप मोडमध्ये (ईसीयूने इंजिन जपायला ताकद रोखून धरलेली असते तेव्हा) गाडी ठरावीक आरपीएमच्या वर न जाणं, पेट्रोल जास्त पिणं. यातलं एकही लक्षण फक्त या सेन्सरचं नाही. एक खूण मात्र उपयोगी आहे. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहत असेल, तर आधी क्रँक सेन्सरकडे बघा. आरपीएम व्यवस्थित दीडशे-दोनशे दिसतोय आणि तरी इंजिन उठत नाही, तर कॅमकडे संशय जायला जागा आहे.

पायरी १: कोड नीट वाचा, सगळे वाचा

कोड पुसण्याआधी लिहून घ्या किंवा फोटो काढा. फ्रीझ फ्रेमही बघा. कोड पडला त्या क्षणी इंजिनचं तापमान, आरपीएम, वेग किती होता ते तिथे असतं. इंजिन तापल्यावरच कोड पडतो की थंड असताना, हे इथे कळलं तर पुढचा अर्धा शोध वाचतो.

आता आकडे. पी०३४० ते पी०३४४ हे बँक १ च्या 'ए' सेन्सरचे. बँक १ म्हणजे ज्या बाजूला एक नंबरचा सिलिंडर आहे ती. 'ए' साधारणपणे इनटेक कॅमचा आणि 'बी' एक्झॉस्ट कॅमचा. 'बी' चे कोड पी०३६५ पासून सुरू होतात. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बँकेच्या 'ए' सेन्सरसाठी पी०३४५ पासून आणि 'बी' साठी पी०३९० पासून पुढे.

या मालिकेतला शेवटचा अंक बरंच काही सांगतो. पी०३४० म्हणजे सर्किटमध्ये बिघाड, यात सगळंच आलं. पी०३४१ वेगळा आहे. सिग्नल येतोय, पण ईसीयूला अपेक्षित आहे तसा नाही. चुकीचा पार्ट, सेन्सर नीट न बसणं, चकती हलणं किंवा टायमिंग सरकणं, अशी कारणं इथे आधी तपासायची. पी०३४२ म्हणजे सिग्नल खालीच अडकलाय, वायर अर्थला चिकटली असेल. पी०३४३ म्हणजे वरच अडकलाय. बहुतेक हॉल सेन्सरच्या (बाहेरच्या सप्लायवर चालणारा, सहसा तीन वायरींचा प्रकार) सर्किटमध्ये ईसीयू सिग्नलच्या वायरवर स्वतःच ५ व्होल्ट धरून ठेवतो आणि सेन्सर ते खाली खेचतो. मग वायर मधेच तुटली की ईसीयूला कायम ५ व्होल्टच दिसत राहतात. म्हणजे 'वरच अडकला' याचा अर्थ तुटलेली वायरही असू शकते, हे ध्यानात ठेवा. पी०३४४ हा येऊन-जाऊन होणाऱ्या बिघाडाचा. तिथे कनेक्टर आणि वायरिंगवर आधी संशय घ्या.

सोबत पी०३३५ असेल तर क्रँक सेन्सरही रांगेत आहे. दोन्ही एकदम पडले असतील तर दोघांचं सामायिक काहीतरी शोधा: सप्लाय, अर्थ किंवा एकत्र जाणारं वायरिंग. दोन सेन्सर एकाच दिवशी मरतात असं सहसा होत नाही. आणि सोबत पी००१६ किंवा पी००१७ दिसत असेल तर मल्टिमीटर बाजूला ठेवून आधी खालची पायरी ६ वाचा.

पायरी २: डोळ्यांनी बघा

याच पायरीत निम्मे प्रश्न सुटतात असं माझं मत आहे. घाई करू नका.

बॅटरी आधी. चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर सेन्सरचे कोड खोटेही असू शकतात. ते आधी निस्तरा.

सेन्सर बहुतेकदा टॅपेट कव्हरवर, सिलिंडर हेडच्या टोकाला किंवा टायमिंग कव्हरजवळ असतो. एका बोल्टवर धरलेला, तोंड आत खुपसलेलं. इंजिन थंड असू द्या. इग्निशन बंद करून कनेक्टर काढा आणि आत टॉर्च मारा. हिरवट-पांढरा गंज आहे का? पीन मागे सरकली आहे का? आत तेल आहे का? कनेक्टरमध्ये इंजिन ऑइल दिसलं तर ते दोन वाटांनी आलेलं असतं: वरून टॅपेट कव्हरच्या गॅसकेटमधून गळून, किंवा सेन्सरच्या पोटातून झिरपून. सेन्सरच्या आतून येत असेल तर सेन्सर बदलावाच लागेल, आणि तेल वायरीतून पुढे किती गेलंय तेही बघावं लागेल.

वायरिंग हाताने चाचपत जा. एक्झॉस्टजवळ वितळलेलं, ब्रॅकेटच्या धारेवर घासलेलं, उंदरांनी कुरतडलेलं असं काही आहे का? उंदरांचं हसण्यावारी नेऊ नका, बंद पडून राहिलेल्या गाडीत हे सर्रास होतं. नुकतंच इंजिनचं दुसरं काही काम झालं असेल तर तिथला कोपरा आधी बघा. अर्धवट बसलेला कनेक्टर हा सगळ्यात स्वस्त बिघाड.

मग सेन्सर बाहेर काढा. टोकाला चुंबक असेल तर लोखंडाचा कीस चिकटलेला दिसेल. थोडी राखाडी साय असेल तर पुसून परत बसवून बघा. चमकणारे तुकडे असतील तर ते इंजिनातून कुठून तरी निघालेत, आणि तो प्रश्न सेन्सरपेक्षा मोठा आहे. टोक घासलेलं असेल तर चकती त्याला लागतेय.

पायरी ३: सप्लाय आणि अर्थ

वायरी मोजा. तीन असतील तर बहुधा हॉल किंवा मॅग्नेटोरेझिस्टिव्ह प्रकार: एक सप्लाय, एक अर्थ, एक सिग्नल. दोन असतील तर बहुधा इंडक्टिव्ह, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली कॉइल. तिला बाहेरचा सप्लाय लागत नाही. काही इंडक्टिव्ह सेन्सरना तिसरी वायर असते, पण ती नुसती शील्डची. म्हणून डायग्राम.

तीन वायरींचा सेन्सर असेल तर कनेक्टर काढलेला, इग्निशन ऑन, इंजिन बंद, मीटर डीसी व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला लावून वायरिंगच्या बाजूची सप्लाय पीन मोजा. डायग्रामप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट हवेत. ५ चा असेल तर ४.८ ते ५.२ च्या दरम्यान असावा. काही गाड्यांत इग्निशन ऑन केल्यावर रिले काही सेकंदच चालू राहतो, तेव्हा आकडा लगेच वाचा.

५ व्होल्ट आलेच नाहीत तर ईसीयू गेला म्हणून मोकळे होऊ नका. हे ५ व्होल्ट बऱ्याचदा इतर सेन्सरनाही जातात. त्यातला एखादा आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचा सप्लाय बसतो. त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढत जा आणि मीटरकडे बघत राहा. ज्याला काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो चोर.

अर्थ तपासताना मीटर ओहमवर न ठेवता व्होल्टेज ड्रॉपने बघा. एकाच तंतूवर लोंबणारी वायरही ओहममध्ये छान दिसते. कनेक्टर जोडा, पिना मागच्या बाजूने सरकवा, इग्निशन ऑन करा आणि सेन्सरची अर्थ वायर ते बॅटरी निगेटिव्ह एवढं मोजा. ०.१ व्होल्टपेक्षा कमी हवं. सेल्फ मारताना हा आकडा उडत असेल तर इंजिनची अर्थ पट्टी काढून घासून परत आवळा.

एक सूचना: सिग्नलच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावू नका. दिव्याला लागणारा करंट त्या सर्किटला झेपत नाही. वायरीचं आवरणही टोचून फोडू नका. आज मोजाल, दोन पावसाळ्यांनी तिथूनच गंज चढेल.

पायरी ४: सिग्नल

हॉल प्रकारात कनेक्टर काढलेला असताना वायरिंगच्या बाजूच्या सिग्नल पिनवर ईसीयूने धरलेलं व्होल्टेज दिसायला हवं, बहुधा ५. ते असेल तर सिग्नलची वायर ईसीयूपर्यंत शाबूत आहे हे जवळजवळ ठरलं.

आता कनेक्टर जोडा, सेन्सर इंजिनबाहेरच ठेवा, इग्निशन ऑन करा, आणि सेन्सरच्या टोकासमोरून पोलादी पाना हळू पुढे-मागे न्या. सिग्नल वायरीवर मीटर शून्याजवळून ५ पर्यंत उड्या मारत असेल तर सेन्सर जिवंत आहे. उड्या मारल्या नाहीत तर मात्र लगेच निकाल देऊ नका. काही सेन्सर ठरावीक आकाराच्या दात्यालाच दाद देतात. अशा वेळी सेन्सर जागेवर बसवून इंजिन फिरवूनच बघावं लागतं.

हाताने इंजिन फिरवणार असाल तर आधी इग्निशन कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फिरवा. बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतात, पण सगळी नाही. स्पार्क प्लग काढले तर फार जोर लागत नाही. हायब्रिड गाडीवर हे करू नका. तिथलं इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकतं, आणि नारिंगी, म्हणजे हाय व्होल्टेजच्या, वायरींच्या वाटेला तर जाऊच नका.

इंजिन चालू होत असेल तर मीटर फ्रिक्वेन्सीवर ठेवा. आयडलिंग ८०० आरपीएम असेल तर कॅम मिनिटाला ४०० फेरे, म्हणजे सेकंदाला साधारण ६.७ फेरे मारतो. चकतीवर चार दाते असतील तर आकडा २७ हर्ट्झच्या जवळपास यायला हवा. आरपीएम वाढवा, आकडा त्याच प्रमाणात वाढला पाहिजे. मधेच शून्यावर आपटत असेल तर बिघाड तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

इंडक्टिव्ह सेन्सरला दोन चाचण्या. कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांत ओहम मोजा. काहीशे ते एक-दोन हजार ओहमच्या पट्ट्यात कुठेतरी येतं, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा धरा. अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ असेल तर शॉर्ट. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारा. व्होल्टेज व्होल्टच्या काही दशांशांपासून सुरू होऊन वेगाबरोबर चढलं पाहिजे. ही ओहमची चाचणी हॉल सेन्सरवर करू नका. आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो.

दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप हाताशी असेल तर कॅम आणि क्रँक एकत्र बघा. अनेक क्रँक चकत्यांवर ६० दात्यांच्या जागी ५८ दाते आणि दोघांची मोकळी जागा असते. कॅमचा पल्स त्या मोकळ्या जागेपासून किती दात्यांवर पडतो ते चांगल्या इंजिनच्या आलेखाशी ताडून पाहता येतं. यात टायमिंगही कळतं. हे सिग्नल फार संथ असतात, त्यामुळे साधा हातातला स्कोपही पुरतो.

आणि इनटेक-एक्झॉस्टचे दोन्ही सेन्सर एकाच पार्ट नंबरचे असतील तर सर्वात सोपा मार्ग: त्यांची अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालवा. पी०३४० चा पी०३६५ झाला तर सेन्सर दोषी. जिथल्या तिथे राहिला तर वायरिंग, चकती किंवा ईसीयू.

पायरी ५: वायरी

बॅटरी निगेटिव्ह काढा, ईसीयूचा कनेक्टर काढा. तिन्ही वायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा, एक ओहमपेक्षा कमी हवं. मग प्रत्येक वायर इतर दोघींशी आणि बॉडीशी कुठे चिकटत नाही ना, तेही बघा. मोजत असतानाच दुसऱ्याला वायरिंग हलवायला, वाकवायला, ओढायला सांगा. पी०३४४ सारखा लपंडाव खेळणारा कोड असाच सापडतो.

पायरी ६: सेन्सर खरं बोलत असेल तर?

पी००१६ म्हणजे कॅम आणि क्रँक यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. इथे बहुतेकदा सेन्सर इमानदारीने खरी परिस्थिती सांगत असतो. टायमिंग चेन लांबलेली, टेन्शनर सैल, टायमिंग बेल्टचा दाता सरकलेला, कॅमचा फेजर (कॅमला पुढे-मागे सरकवणारा भाग) अडकलेला किंवा चकती शाफ्टवरून घसरलेली. थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने सेकंदभर खडखड येत असेल तर चेनवरचा संशय पक्का करा.

आधी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी आणि अवस्था बघा. फेजर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी किंवा काळं घट्ट झालं असेल, तर ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह अडकून पी००११ सारखे कोडही सोबत येतात. टायमिंग सरकल्याची शंका असेल तर गाडी चालवून बघूया हा विचार सोडा. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात. आणखी एक-दोन दाते सरकले तर व्हॉल्व्ह वाकतात. हे काम नवशिक्याचं नाही, कव्हर उघडण्यापूर्वी जाणत्या माणसाला दाखवा.

पायरी ७: तापल्यावर बंद, निवल्यावर चालू

ही तक्रार या सेन्सरमुळे बऱ्याचदा येते, पण क्रँक सेन्सरमुळेही येऊ शकते. इंजिन तापलं की बंद पडतं, अर्ध्या तासाने काही न झाल्यासारखं सुरू होतं, आणि तपासायला जावं तर सगळे आकडे बरोबर. थंड सेन्सर मोजून इथे काही हाती लागत नाही. इंजिन आयडलिंगला ठेवा, मीटर सिग्नलवर लावा आणि हेअर ड्रायरने सेन्सरचं बाहेरचं अंग गरम करा. सिग्नल गेला, सप्लाय आणि अर्थ मात्र जागेवर आहेत, तर निकाल लागला. हात आणि ड्रायरची वायर फिरत्या बेल्टपासून लांब ठेवा.

नवा बसवताना

पार्ट नंबर इंजिन क्रमांकावरून जुळवा, नुसत्या मॉडेलच्या नावावरून नको. दिसायला सारखा पण आतून वेगळा सेन्सर बसवला की पी०३४१ हमखास. या एका पार्टमध्ये अगदी स्वस्त नकलेच्या नादी लागू नये असं मला वाटतं, कारण तो चालतो, पण कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

बॅटरी निगेटिव्ह काढा. बसायच्या जागेभोवतीचा कचरा सेन्सर ओढण्याआधीच पुसा, नाहीतर तो सरळ इंजिनात पडेल. जुनी ओ-रिंग भोकात राहिली नाही ना ते बघा. नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावा आणि सेन्सर हाताने दाबून पूर्ण बसवा. बोल्टने ओढून बसवू नका, कान मोडतो. बोल्ट बहुधा ६ मिमीचा छोटा असतो, ८ ते १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. सेन्सरच्या भोकाला लांबट खाच असेल, म्हणजे तो मागे-पुढे सरकू शकत असेल, तर काढण्याआधी जुन्याची खूण करून ठेवा.

कोड पुसा आणि इंजिन सुरू करा. लाइव्ह डेटामध्ये कॅम-क्रँक सिंक (दोन्ही सिग्नलचा मेळ) दिसत असेल तर ते लगेच लागतंय का बघा. मग इंजिन पूर्ण तापेपर्यंत गाडी चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा आणि स्कॅनरवर पेंडिंग, म्हणजे अजून पक्के न झालेले, कोड वाचा. दिवा बंद असतानाही पेंडिंगमध्ये पी०३४० बसलेला असेल तर पायरी ५ वर परत जा.